मार्गशीर्षातलं उधाण

आज सकाळपासून वारा खालून वाहतोय. आमच्याकडे दक्षिणेच्या वाऱ्याला खालचा वारा म्हणतात, आणि मार्गशीर्षात त्याचं इथे काही काम नसतं. या दिवसांत सकाळी वरून थंड, कोरडा वारा यावा, अंगणातल्या दोरीवरचे कपडे दुपारपर्यंत खडखडीत वाळावेत, बाजारात वालाच्या कोवळ्या शेंगांची वाट बघणं सुरू व्हावं, हा रिवाज. आज कपडे ओलेच आहेत. टीव्हीवर अरबी समुद्राचा नकाशा दाखवताहेत आणि त्यावर एक पांढरं भिरभिरं गोल गोल फिरतंय. निवेदिका छान नटलेली आहे. ती हसून सांगते की किनाऱ्यावरच्या नागरिकांनी काळजी घ्यावी. काळजी कशी घ्यायची ते मात्र सांगत नाही.

मुलगा म्हणाला, "आई, खिडकी लाव, पाऊस आत येईल." मी लावली. तिसऱ्या मजल्यावरच्या या अलिबागच्या घरात पाऊस आला तर फार तर फरशी ओली होईल. पण माझा जीव थाऱ्यावर नाही. मी गावाला नामाभावजींना फोन लावला. लागत नाही. पुन्हा लावला. फोनमधली बाई आपली तेच सांगते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मुलगा हसतो. त्याला वाटतं, म्हातारीला गाव आठवलं. त्याला कसं सांगू की मला गाव नाही आठवत, मला पाणी आठवतं. उलटं वाहणारं पाणी.

माझं माहेर काशीदकडचं. डोंगर पाठीशी, समुद्र समोर, आणि मधे माडाची वाडी. विहिरीचं पाणी इतकं गोड की पाहुणे दुसरा तांब्या मागून घेत. तिथून लग्न होऊन मी आले ती रेवसच्या अलीकडच्या एका खारीत. खार म्हणजे खाडीकडून हिसकावून घेतलेली जमीन. मधे मातीचा लांब बांध घालायचा, बांधाच्या बाहेर खाडी आणि आत भात. बांधावर उभं राहिलं की भरतीच्या वेळी डाव्या हाताचं पाणी उजव्या हाताच्या शेतापेक्षा वर दिसायचं. पहिल्यांदा ते बघितलं आणि मी घाईने बांधावरून खाली उतरले. सासूला म्हटलं, "आये, हे पाणी वर आहे आणि आपण खाली." ती म्हणाली, "मंग? घरात निजतंस तवा आभाल वर नसतं काय?" माझी सासू अशीच होती. तिच्याशी वाद घालणं म्हणजे चिखलात पाय घालणं, काढताना चप्पल तिथेच राहायची.

तिला सगळे आयेच म्हणत. नवरा लवकर गेलेला, दोन मुलगे. थोरले म्हणजे आमचे हे, मुंबईला गोदीत कामाला. धाकटे नामाभावजी, घरी शेती बघत, मिसरूड नुकतं फुटलेलं. आये उभ्या अंगाची, काळी, आवाज असा की खारीच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जावा. मी तिला भीत असे आणि तिच्यावर रागवतही असे. दोन्ही मनातल्या मनात.

पाणी उलटं वाहिलं त्या वर्षी आमच्या घरात एक मोठी गोष्ट झाली होती. इतकी वर्षं आये ज्या जमिनीत राबली, ती कूळकायद्याने तिच्या नावावर झाली. तोपर्यंत भात कापलं की ते मालकाच्या खळ्यावर न्यायचं, तिथेच झोडायचं, त्याचा वाटा त्याच्या कणगीत ओतायचा आणि उरलेलं घरी आणायचं. त्या कार्तिकात पहिल्यांदाच भाताचे भारे आमच्या स्वतःच्या खळ्यावर आले. खळं शेताच्या कडेलाच होतं, बांधापासून हाकेच्या अंतरावर. आयेने ते स्वतः सारवलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. भाऱ्यांची उडवी रचली, म्हणजे कणसं आत आणि बुडखे बाहेर असा गोल ढीग, आणि संध्याकाळी ती उडवीला पाठ टेकून बसली. मी चहा नेऊन दिला तर म्हणाली, "हितंच ठेव." चहा निवून गेला तरी ती तशीच बसलेली. नव्या भाताला एक वास असतो, उन्हाचा आणि गवताचा आणि थोडा दुधाचा. तो वास तिच्या लुगड्याला लागलेला होता. मला त्या दिवशी ती पहिल्यांदा आवडली.

आता उघाडीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही. बांधात एका ठिकाणी दगडी मोरी असते आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेलं जाड लाकडी दार. भरती आली की बाहेरचं पाणी दार दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर जातं. हीच उघाडी. मोरीतून आत गावाकडे एक नाला जातो आणि दोन्ही बाजूंना शेतं. पावसाळ्यात गाव या दाराला डोळ्यात तेल घालून जपतं. रात्री कंदील घेऊन माणसं जातात, फळीला भेग पडली का बघतात, बांधावर पेंढा आणि चिखल चढवतात. पण भात कापून झालं की सगळा नूर पालटतो. मग उघाडी ही राखायची गोष्ट उरत नाही, मासे पकडायची होते.

घराघराची पाळी ठरलेली असे. ज्याची पाळी, त्याने भरतीच्या आधी ते दार काथ्याने वर ओढून बांधून ठेवायचं. पाणी नाल्यात शिरतं, पाण्याबरोबर मासे शिरतात. ओहोटी लागली की मोरीच्या तोंडाला जाळं लावायचं. कोळंबी, बोय, खरबी, आणि नशीब असेल तर जिताडा. जिताड्याचं कालवण ज्याने खाल्लं नाही त्याला आमच्याकडे कीव करून बघतात. थंडीतली भरती बेताची, पाणी नाल्याच्या काठाच्या आत राहायचं, शेताला धक्का नाही. सगळं गाव हे वर्षानुवर्षं करत आलेलं. त्यात चूक आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

मार्गशीर्ष लागला त्या दिवशी पाळी आमची होती.

हे दुसऱ्या दिवशी रेवसच्या बोटीने यायचे होते. नामाभावजींचा भावावर फार जीव. सकाळी दार बांधून आले ते शीळ घालतच. म्हणाले, "वयनी, आज जितारा घेऊनच येतो बग. दादा उंद्या येल, तवा कालवन पायजे."

"आधी जाळ्यात येऊ दे, मग मी वाटण वाटते," मी म्हटलं.

"वाटून ठेव गो. मिलनारच."

मी खोबरं किसायला घेतलं. त्या वेळी वारा खालून सुटलेला होता. आकाश तांबूस आणि जवळ आल्यासारखं. मला कसंतरी वाटत होतं, कारण माझ्या माहेरी या वाऱ्याला होड्या वाळूत ओढून घेतात. मी आयेला तसं म्हटलं. ती आकाशाकडे बघून म्हणाली, "पावूस येतंय. खल्यावर चला." बस्स. हिवाळ्यात आमच्याकडे भीती असते ती वरून पडणाऱ्या पाण्याची. झोडायचं भात भिजलं की काळं पडतं, मोड फुटतात. समुद्राची भीती श्रावणाबरोबर संपलेली असते. सगळ्या गावाचं डोकं त्या सकाळी आभाळाकडे होतं, आणि म्हणूनच पायाखाली कुणी बघितलं नाही.

तो पाऊस कसा सांगू? आषाढातला पाऊस उभा पडतो, त्याच्याशी आपली ओळख असते. हा आडवा आला. अंगावर रेती मारल्यासारखा टोचत होता आणि थंड होता, बोटं वाकेनात. आम्ही उडवीवर पेंढा टाकत होतो आणि वारा तो उचलून नेत होता. आये उडवीवर आडवी पडली, दोन्ही हात पसरून, आणि मला ओरडून सांगत होती, "दोर टाक! त्या अंगानं टाक!" मी दोर टाकला, भावजींनी दगड बांधला. घोंगड्या, गोणपाटं, घरातलं जाजम, माझ्या लग्नातली सतरंजीसुद्धा त्या उडवीवर गेली. सतरंजीचं मला वाईट वाटलं.

दूर डोंगराकडे बघितलं तर त्याच्या हिरव्या अंगावर एक लाल ओरखडा दिसला. काल तो नव्हता. दरड सुटली होती. तिकडचे ओढे फुटून ते लाल पाणी आता नाल्याने आमच्याकडे येणार होतं. म्हणजे वरून पाऊस आणि मागून डोंगर. ही दोन संकटं आम्हाला कळली होती. तिसरं कळायचं होतं.

उडवी झाकून झाली. भावजी हसले, आयेने तोंडावरचं पाणी पुसलं. मी हात धुवायला नाल्याच्या काठावर वाकले आणि तिथेच थबकले. आमचा पेंढा उडून नाल्यात पडला होता, तो वाहत होता. पण खाडीकडे नाही. गावाकडे चालला होता, भराभर, माणूस चालतं त्याहून वेगाने. डोंगराचं लाल पाणी आणि खाडीचं राखाडी पाणी मधे एकमेकांना भिडत होतं आणि राखाडी पाणी लालला मागे रेटत होतं. नाल्याच्या काठाला पाणी लागायला फक्त वीतभर राहिलं होतं.

"आये," मी म्हटलं, "पाणी उलटं चाललंय."

तिने बघितलं. तिचा चेहरा पार उतरला. मी तिला तशी कधी बघितली नव्हती, नंतरही नाही. ती हळूच म्हणाली, "नाम्या, उघारीचं दार?"

भावजींनी खाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "वरच बांधलेलं हाय, आये."

खाऱ्या पाण्याने खार बुडली तर काय होतं, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं गेलं होतं. पाणी जातं, मीठ राहतं. मग पाऊस ते धुवून काढेपर्यंत भाताची काडी उगवत नाही. कधी दोन वर्षं, कधी चार. काही जमिनी परत येतच नाहीत, त्यांच्यात कांदळ, म्हणजे खाऱ्या चिखलातलं रान, वाढतं आणि खेकडे राहतात. आमचं शेत उघाडीला लागून. जायचं तर पहिलं तेच जाणार होतं. जन्मभर दुसऱ्याची म्हणून कसलेली जमीन, नावावर होऊन वर्ष झालं नाही आणि ती आता वीतभर पाण्यावर टांगलेली.

आम्ही बांधाकडे धावलो. धावलो म्हणजे काय, वाऱ्याने ढकललं तिकडे पडलो आणि पुन्हा उठलो. बांधावर पोचलो आणि मी खाडी बघितली. रोजची खाडी नव्हती ती. समोरचा किनारा दिसत नव्हता, नुसता पांढरा फेस आणि धूर. अमावास्या आदल्याच दिवशी झालेली, तिची मोठी भरती, भर दुपारची, आणि तिच्या पाठीवर तो वारा. दार बांधलेलं होतं तो खांब पाण्यात होता. भिजलेला काथ्या फुगतो, गाठ आवळते, हाताने सुटत नाही. आयेने आपल्या कमरेचा कोयता काढून भावजींच्या हातात दिला. त्यांच्या कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक तिने आणि मी धरलं. ती एवढंच म्हणाली, "काथ्या काप आनि सरल वर ये."

ते उतरले. एक लाट आली आणि दिसेनासे झाले. दोर ताणला गेला, माझ्या तळहाताची साल निघाली. मी हरिहरेश्वराला हाका मारत होते. आये नुसती दोराकडे बघत होती. पुन्हा डोकं दिसलं, पुन्हा गेलं. मग धाड असा आवाज पायांतून अंगात आला. दार पडलं होतं. आम्ही भावजींना वर ओढलं, गुडघे फुटलेले, ओठ निळे. आयेने त्यांच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि मग छातीशी धरलं. मला हसू आणि रडू एकदम आलं. वाटलं, सुटलो.

तेवढ्यात पायाखालून काहीतरी गेलं. मोरीच्या दगडांना लागून बांधाची माती भिजून सैल झाली होती, त्यातून मनगटाएवढी धार आत पडत होती. बघता बघता ती मांडीएवढी झाली. याला आमच्याकडे खांड म्हणतात, बांधाला पडलेली भेग. खांड छोटी असते तोवर ती माणसाची असते, मोठी झाली की खाडीची. भावजी चिखल भरून टाकत होते, तो टाकल्या टाकल्या वाहून जात होता. गावातून माणसं आली, पण थोडी. तरणी माणसं मुंबईला, बाकीची आपापल्या खळ्यावर. पावसाळ्यात बांधावर पेंढ्याचे ढीग तयार असतात, त्या दिवशी काडी नव्हती. आमच्या शेतात पाणी पसरायला लागलं होतं, कापलेल्या भाताचे खुंट एकेक करून बुडत होते.

आये खांडीकडे बघत उभी राहिली. मग वळून खळ्याकडे बघितलं. मला वाटतं, तिने ठरवायला श्वास घेण्याएवढाच वेळ घेतला.

"भारे आना," ती म्हणाली.

कुणी हललं नाही. तिने पुन्हा ओरडून सांगितलं, "ऐकलं न्हाय? उडवी मोडा. भारे आना हितं!"

गावात धर्मादादूस म्हणून वयाने मोठा माणूस होता. दादूस म्हणजे थोरला भाऊ, सगळे त्याला तसंच म्हणत. तो पुढे आला. "अगो, येरी झालीस काय? कणसं भरलेली हायेत त्यांना. लक्षुमी हाय ती. पायाखाली घेतंस?"

"पाली आमची व्हती, दादूस. दार आमी बांधलं."

"म्हनून काय घरातलं अन्न चिखलात घालशील?"

"जमीन र्‍हायली तं परत पिकल," आये म्हणाली. "जमीन गेली तं उडवीत काय ठेवू?"

मी आणि भावजी खळ्यावर गेलो. मघाशी जिवाच्या आकांताने बांधलेले दोर आम्हीच कापले. सतरंजी उडाली, तिकडे मी बघितलंही नाही. डोक्यावर भारा घेतला. आतून तो कोरडा होता, उबदार होता. आम्ही सकाळभर एवढं जपलं होतं की पावसाचा थेंब आत गेला नव्हता. तो कोरडेपणा मानेला लागला आणि मला हुंदका फुटला. भात भिजू नये म्हणून मघाशी जीव टाकला, आणि आता तेच भात चिखलात टाकायला निघालो होतो.

पहिला भारा आयेने माझ्याकडून घेतला. खाली ठेवला. त्याला हात जोडले, कपाळ टेकलं. मग खांडीत टाकला आणि त्याच्यावर पाय दिला. आमच्यात भाताच्या दाण्याला पाय लागला तर उचलून डोळ्यांना लावतात. ती कणसांवर उभी राहून टाचांनी दाबत होती आणि तोंडाने "चिखल टाका, चिखल!" ओरडत होती. मग सगळेच हलले. भारा, चिखल, भारा, चिखल. काही भारे पाण्याने ओढून आत नेले, त्यांच्यामागे कुणी गेलं नाही. धर्मादादूस बराच वेळ बाजूला उभा होता. मग त्याने धोतर वर खोचलं, खांडीत उतरला आणि रचलेल्या भाऱ्यांना पाठ लावून उभा राहिला. म्हणाला, "नुसतं टाकून र्‍हात न्हाय. टेकू पायजे." त्याच्या शेजारी भावजी, मग आये, मग मी. पाठीला भारे, त्यांच्यापलीकडे खाडी. प्रत्येक लाटेचा धक्का कण्यात जाणवत होता. कणसं टोचत होती, थंडीने दात वाजत होते. मी समोर बघत होते, आमच्या शेतातलं पाणी वाढतंय की थांबलंय ते. डोळे मिटायची भीती वाटत होती.

किती वेळ उभे होतो मला माहीत नाही. भरती आपल्या वेळानेच उतरते, तिला कुणाची घाई नसते. धक्के मंद होत गेले. मग शेजारच्या मोरीतून आवाज आला, दार कुरकुरल्याचा. आतल्या पाण्याने ते ढकललं होतं. ओहोटी लागली होती आणि पाणी सुलटं वाहायला लागलं होतं.

आत्ता फोन वाजला म्हणून मी दचकले. भावजी नव्हते, गॅसवाला होता. मी त्याच्यावर विनाकारण खेकसले. खिडकीतून दिसतंय, समोरच्या गच्चीवरचा पत्रा वर-खाली होतोय. थंडीत मुंबईची माणसं आमच्याकडे पोपटी खायला येतात. मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला घालून जाळ करतात, फोटो काढतात, थंडी किती छान म्हणतात. छानच असते. मी नाही म्हणत नाही. पण एखाद्या वर्षी ती थंडी पाठ फिरवते आणि खालचा वारा सुटतो, तेव्हा माझ्या पाठीला कणसं टोचायला लागतात.

त्या वेळी, वादळ ओसरून बोटी सुरू झाल्यावर, हे मुंबईहून आले. खळं रिकामं बघून उंबऱ्यातच उभे राहिले. भावजी मान वर करेनात. आये म्हणाली, "जितारा न्हाय मिलला. डाल हाय, जेव." आणि ताट वाढलं. त्या वर्षी आम्ही घरचा तांदूळ खाल्ला नाही. धर्मादादूसच्या घरून टोपली आली, आणखी कुणाकुणाकडून आली, कुणी ती देताना काही बोललं नाही, आयेनेही नको म्हटलं नाही. तिला ते किती जड गेलं हे मला तिच्या घासावरून कळायचं.

थोड्याच दिवसांत बांधावर एक नवल झालं. खांड बुजवली होती तिथे, चिखलातून, हिरवे कोंब वर आले. भिजलेली कणसं रुजली होती. गावातली पोरं बघायला यायची. मला वाटलं आये खूश होईल. ती गेली, बघितलं, आणि चिडून म्हणाली, "मेली हितं उगवतेत. नको तितं." मग तिथेच बांधावर बसली आणि पदर तोंडात घालून रडली. उडवी मोडताना रडली नव्हती. मी शेजारी बसले. तिच्या पाठीवर हात ठेवायचा धीर माझ्यात त्या दिवशी पहिल्यांदा आला.

जमीन वाचली होती की गेली होती हे आम्हाला ठाऊक नव्हतं. शेतात घोटाभर खारं पाणी फिरून गेलं होतं. माघात ते वाळलं आणि खुंटांच्या मधे पांढरं फूल धरलं, मिठाचं. आये रोज शेतात जायची, चिमूटभर माती जिभेवर ठेवायची आणि थुंकायची. थुंकली म्हणजे माती अजून खारी, आणि घरी आल्यावर तिचं तोंड बघितलं की कळायचं. फाल्गुनात थुंकली, वैशाखात थुंकली. पाऊस लागल्यावर शेतात पाणी कोंडून धरायचं, मीठ विरघळू द्यायचं आणि ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचं, असं पुन्हा पुन्हा केलं. भावजी दारापाशीच राहायला गेले म्हटलं तरी चालेल. रोपं वर आली होती, लावणीचे दिवस जवळ आले, शेजारच्यांचे नांगर जुंपले गेले. आमचं शेत मात्र थांबलं होतं.

संध्याकाळ व्हायला आली. आत्ता कुठे भावजींचा फोन लागला. ते आता थकलेत, ऐकू कमी येतं. अर्ध्याअधिक खारीत आता कांदळ आहे, बांध कुणी बघत नाही, मुलं कारखान्यांत. मी ओरडून विचारलं, "भावजी, उघाडीचं दार?"

पलीकडे वाऱ्याचा घूं घूं आवाज. म्हणजे भावजी घरात नव्हते, या वयात बांधावर जाऊन उभे होते. मग ते म्हणाले, "सकालीच सोरलं, वयनी. हितंच हाय मी."

"घरी जा आता."

"भरती उतरली की जातो."

मी त्यांना रागावले नाही. फोन ठेवला.

त्या आषाढातली ती सकाळ अजून तशीच समोर आहे. पावसाने उघडीप दिली होती. आये शेताच्या मधोमध वाकली, पाण्याखालची माती चिमटीत घेतली, जिभेवर ठेवली. या वेळी थुंकली नाही. भावजी बांधावर उभे, हातात बैलांची दोरी, पुढे यायचं धाडस नाही. आये माझ्याकडे वळली. तिचा स्वतःच्या जिभेवर विश्वास राहिला नव्हता. इतके महिने खारी माती चाखून तिला सगळंच खारट लागत असावं.

"आ कर," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. तिने चिमूटभर माती माझ्या जिभेवर ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. इतक्या जवळून मी तिचे डोळे कधी बघितले नव्हते. मी माती जिभेवर फिरवली. चिखल होता. थंड होता. मला काहीच सांगता येईना आणि रडू यायला लागलं.

"आये, मला काही चव कळत नाही," मी म्हटलं.

"कलत न्हाय?"

"नाही."

ती तिथेच पाण्यात मटकन खाली बसली. दोन्ही हातांनी चिखल उचलून तिने तो कपाळाला लावला आणि खारीच्या त्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली, "नाम्या, बैल आन रं! हिला कायबी कलत न्हाय! खारी असती तं कललं असतं!"